सात दिवसांची नोंद

आमच्या दुकानात बिघडलेला कम्प्युटर आला की पहिले सात दिवस त्याला कुणी स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, असा नियम होता. नियम मालकाचा नव्हता, काकांचा होता. मालकाला तो काडीचा पटत नसे. तो शनिवारी यायचा, रांगेत मांडलेली मशीनं बघायचा, कपाळाला हात लावायचा आणि जायचा. बोलायचा मात्र नाही, कारण काकांनी बरं केलेलं मशीन परत येत नाही हे त्यालाही माहीत होतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा, बाजूला शिलाईची मशीनं. दिवसभर नुसता खडखडाट. मी काउंटरवर, आणि काका आतल्या बाजूला त्यांच्या लाकडी स्टुलावर. मी तिथे तीन महिन्यांसाठी म्हणून लागले होते, दुसरं काही मिळेपर्यंत. नऊ वर्षं काढली. याला आळस म्हणा नाहीतर काका म्हणा.

काका मूळचे मालवणकडचे. अर्धं आयुष्य विक्रोळीच्या एका कारखान्यात मशीनं दुरुस्त करण्यात गेलं. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा हे घरी आले आणि चाळिशी उलटल्यावर कम्प्युटर शिकले. कारखाना सुटला, पण त्याचा भोंगा काकांच्या पोटातून काही गेला नाही. बारा वाजून वीस मिनिटं झाली की हातातलं काम जसंच्या तसं टाकून डबा उघडायचे. समोर गिऱ्हाईक बसलेलं असो, काउंटरवर मालक असो. "भोंगा झाला," म्हणायचे आणि भाकरी मोडायचे.

गेम खेळायचे महागडे कम्प्युटर आमच्याकडे जास्त यायचे आणि त्यांची तक्रारही बहुतेक एकच असायची. खेळ मस्त चाललेला असतो आणि मध्येच चित्र झटके खायला लागतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं दिसतायत त्याचा. तो एकशेचाळीसवरून धाडकन वीसवर येतो. दोन-चार सेकंद, बस. मग परत एकशेचाळीस, काही झालंच नाही असं. तेवढ्यात खेळणारा मेलेला असतो. पोरं त्याला एफपीएस ड्रॉप म्हणतात. काका अडखळणं म्हणायचे. पोरगा तावातावाने सांगत असायचा आणि काका शांतपणे विचारायचे, थांबतो की अडखळतो? थांबणारं मशीन त्यांच्या लेखी सोपं. बंद पडलं ना, मग शोधा कुठे पडलं. अडखळणारं अवघड, कारण तुम्ही बघायला जाता तेव्हा ते छान चालत असतं.

आणि म्हणून ती नोंद. काकांनी एक कागद आखला होता, त्याच्या झेरॉक्स माझ्या खणात असायच्या. चार रकाने. किती वाजता अडखळला, तेव्हा काय चालू होतं, किती वेळ टिकलं, आणि शेवटचा रकाना, घरात काय बदललं. हा कागद गिऱ्हाइकाने सात दिवस भरायचा. लोक वैतागायचे हो. मेल्या कम्प्युटरवाल्याकडे आलोय की बीपीच्या डॉक्टरकडे, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला होता. पण जे कागद भरून आणायचे, त्यातल्या अर्ध्यांचं मशीन न उघडताच बरं व्हायचं. बरोबर दुपारी दोनला अडखळतंय? मग दोन वाजता तपासणी करणारा अँटीव्हायरस आहे, त्याची वेळ बदला. चला, पुढचा.

नोंदीबद्दल काकांचा एक हट्ट होता, आणि तो आत्ताच सांगून ठेवते. नोंद त्या त्या वेळीच करायची. आठवून लिहिलेलं त्यांना चालत नसे. काही शहाणे सहा दिवस झोपा काढायचे आणि सातव्या दिवशी रिक्षात बसून अख्खा कागद भरून आणायचे. काका तो उजेडात धरायचे. एकच पेन, एकच कल, एकाच बैठकीतलं अक्षर. दोन सेकंदांत ओळखायचे. मग कागदाचे चार तुकडे करायचे, टोपलीत टाकायचे आणि मला सांगायचे, बाय, यांना नवीन कागद दे. खोटी नोंद ठेवण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, म्हणायचे. मला ते बाय म्हणत. पस्तिशीच्या बाईला बाय म्हणणारं त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

घाटकोपरचे एक गृहस्थ मुलाचा कम्प्युटर म्हणून घेऊन आले होते. कार्टं दिवसभर खेळतं, म्हणून तक्रार. नोंद मात्र प्रामाणिकपणे भरली होती बिचाऱ्यांनी. काकांनी वाचली, कागदावर वर लिहिलेलं मुलाचं नाव हळूच खोडलं आणि तिथे वडिलांचं लिहिलं. कारण सगळ्या वेळा शाळेच्या होत्या. गृहस्थ लालबुंद झाले. काकांनी ना त्यांना टोमणा मारला ना माझ्याकडे बघून हसले. पंख्यापाशी अडकलेली वायर सोडवून दिली आणि म्हणाले, आरामात खेळा.

स्वतः काका एकही खेळ खेळले नाहीत. तासन् तास पडद्यासमोर बसायचे, पण डोळे त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. समोर माणसं मरतायत, गाड्या उडतायत, यांना पत्ता नाही. एका पोराने विचारलं, काका, कसा वाटला गेम? तर म्हणाले, कुठला? हाताची उलटी बाजू कम्प्युटरच्या मागे धरायचे, ताप बघतात तशी. आणि धूळ ब्लोअरने उडवायच्या आधी तिचा वास घ्यायचे. मला शिसारी यायची. पण उदबत्ती, पावडर, गव्हाचं पीठ असं बरोबर सांगायचे. उघडलेले स्क्रू ठेवायला त्यांच्या आईची पितळी पानपेटी होती. चुन्याच्या डबीत बारीक स्क्रू, काताच्या कप्प्यात मोठे. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

वर्सोव्याचं मशीन आलं ते गणपती होऊन गेल्यावर. कोळीवाड्यातला बावीस-तेवीसचा मुलगा, त्याच्या स्पर्धा असायच्या, आणि खेळता खेळता आकडा धाडकन खाली यायचा. नोंदीत काहीच धागा नाही. दुकानात सात दिवस चालवलं तर एकदाही अडखळलं नाही. घरी नेलं की पहिल्याच दुपारी वाट लागली. काकांनी मागच्या जाळीला नाक लावलं आणि म्हणाले, चल गो, घर बघूक होया. लिहायला म्हणून मलाही नेलं.

मुलगा खेळायला बसला. काका स्टूल घेऊन बाजूला. वीस-पंचवीस मिनिटं झाली, सगळं झकास. मग आतून त्याची आई आली, हातात सूप. सुपात सोडे. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, महागाची चीज. हवा अजून दमट, सोडे मऊ पडत होते. तिने आम्हाला चहा घेणार का विचारलं आणि बोलता बोलता ते सूप सवयीने कम्प्युटरच्या डोक्यावर ठेवलं. बरोबर जिथून गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर. दहा मिनिटांत आकडा कोसळला.

मुलगा आईवर असा काही खेकसला की मलाच कसंतरी झालं. ती माउली कावरीबावरी. एवढी गरम हवा फुकट जाते, म्हणून ठेवत होते, म्हणाली. काकांनी मुलाला गप्प केलं. मग उठले, कम्प्युटर भिंतीपासून पुढे ओढला, मागच्या पंख्यापासून हातभर अंतरावर एक पाट उभा केला आणि सूप त्याला टेकवून तिरपं ठेवलं. हवा कोंडत नव्हती आणि सोड्यांनाही लागत होती. बाईंना म्हणाले, तुमचं बरोबर होतं, फक्त जागा चुकली. तिने निघताना आम्हा दोघांना सोड्यांची एकेक पुडी दिली. अशी माणसं शोधून सापडत नाहीत, असं मी तेव्हा मनात म्हटलेलं मला पक्कं आठवतं.

आणि त्याच दिवशी, कोळीवाड्याच्या तोंडाशी, काका रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडखळले. "चारकोप, सेक्टर..." म्हणाले आणि हात हवेत तसाच राहिला. डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. तीन सेकंद, फार तर चार. मग "...दोन" म्हणाले आणि रिक्षात बसले. जिथे वाक्य सोडलं तिथूनच पुढे. मला वाटलं, आठवत असतील. मी पुडीचा वास घेत बसले होते.

दुसऱ्यांदा झालं ते नवरात्रात, दुकानात. चहा ओतताना. कप भरला, चहा बशीत आला, बशीतून टेबलावर, आणि काका ओततच होते. मी हाक मारली तेव्हा भानावर आले. विचारात होतो, म्हणाले आणि फडकं शोधायला लागले. मला मात्र ते पटलं नाही. कारण चहा ओतणारा हात विचारात नव्हता. मी नऊ वर्षं अडखळणारी मशीनं बघितली होती ना.

आता मी काय केलं ते सांगते, आणि मला त्याची अजून लाज वाटते. शहाण्या बाईने काय केलं असतं? त्याच दुपारी काकींना फोन केला असता. काकी चारकोपलाच, दहा मिनिटांवर, रोज चार वाजता दुकानात फोन करायच्या, जेवले का विचारायला. तो फोन मीच उचलायचे. मी त्यांना म्हणायचे, जेवले, मस्त आहेत. आणि खणातून एक झेरॉक्स काढून त्यावर पहिली ओळ लिहिली. चहा ओतताना, सहा सेकंद.

माझा हिशेब सरळ होता. नुसतं तोंडाने सांगितलं तर काका विचारणार, कधीपासून, काय करताना, किती वेळ? माझ्याकडे उत्तर नसलं की ते मला झटकून टाकणार, जसं कागद न भरलेल्या गिऱ्हाइकाला टाकायचे. त्यांच्यापुढे जायचं तर पुरी नोंद घेऊनच. वर्सोव्याची ओळ मी लिहिलीच नाही, कारण ती आठवून लिहावी लागली असती. एवढी मी नियमाची! सात दिवसांत दोनच ओळी झाल्या. दोन ओळींवरून काही ठरवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. मग म्हटलं, अजून एक आठवडा. मग दिवाळी आली. मग म्हटलं, दहा तरी होऊ देत. मी त्या माणसाकडे बघत बसले होते, हातात पेन घेऊन, आणि त्या बघत बसण्याला काळजी म्हणत होते.

अकरा ओळी झाल्या तेव्हा नाताळ चार दिवसांवर आला होता. अकरावी ओळ अशी की स्क्रू काढता काढता पानपेटी त्यांच्या हातातून पडली, आणि ती पडल्याचं त्यांना कळलंच नाही. त्या दिवशी त्यांचा डबा होईपर्यंत मी थांबले आणि कागद समोर ठेवला. म्हटलं, काका, एक नोंद आली आहे.

त्यांनी चष्मा पुसला आणि कुणाची वगैरे न विचारता वाचायला लागले. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. चहा ओतताना. कम्प्युटर चहा ओतत नाहीत. पण काकांनी मान वर केली नाही. बोट सावकाश खाली नेत अकराही ओळी वाचल्या, उजेडात धरून अक्षर बघितलं, शाई बघितली. मग नेहमीच्या आवाजात विचारलं,

"थांबतो की अडखळतो?"

"अडखळतो," मी म्हटलं.

"परत जाग्यार येता?"

"येतो. जिथे सोडलं तिथूनच बोलायला लागतो."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "पयली ओळ नवरात्रातली. मगे इतके दिस काय केलंस गो?"

"नोंद," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना, पुरी नोंद नसेल तर बोलू नये."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली खोकेवाल्याचं मशीन चालू होतं. शेवटी म्हणाले, "हां. ता खरा." कागदाची घडी घातली आणि पानपेटीत ठेवली. चारला काकींचा फोन आला तेव्हा मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

मेंदूत गाठ निघाली. अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कधीपासून? काकांनी घरी नेलेल्या पानपेटीतला तो कागद काकींनी पुढे केला. डॉक्टर म्हणे खूश झाले, इतकं बारकाईने लिहून कुणी आणत नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं, आता सगळी गाठ काढता येणार नाही. हे सगळं काकींनी मला हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सांगितलं. कुणी देवमाणसाने लिहून ठेवलंय बघ, म्हणाल्या, यांना विचारलं तर सांगत नाहीत. मी त्यांचा हात धरून बसले. अक्षर माझं आहे हे मी काकींना तेव्हा सांगितलं नाही आणि अजूनही सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर ते घरी आले. उजव्या हातात जोर नव्हता, जीभ जड. रविवारी मी जायचे. मी दुकानाच्या गोष्टी सांगायचे, कोणतं मशीन आलं, कोणी कागद भरला, कोणी नाही. बारा वाजून वीस झाली की अजूनही डबा मागायचे. घरात ताट वाढलेलं असायचं, पण त्यांना डब्यातलंच हवं. मग काकी रोज पोळीभाजी डब्यात भरून त्यांच्यापुढे ठेवायच्या.

एका रविवारी काकी भाजी आणायला गेल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, मी उशीर केला. माझ्यामुळे झालं हे. आणि रडायला लागले. त्यांनी डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. पुष्कळ वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, नोंद बरी होती. तेवढंच. तेवढ्याने माझं काही शांत झालं नाही, उलट जास्तच लागलं. आणि त्यांना ते दिसलं असणार. लपवण्यात मी कधीच पटाईत नव्हते.

होळी झाली आणि काका गेले.

बारावं झाल्यावर काकींनी मला पानपेटी दिली. तुलाच द्यायची म्हणून सांगून ठेवलं होतं, म्हणाल्या. मी ती दुकानात आणली, आतल्या स्टुलावर बसले आणि उघडली. स्क्रू जिथल्या तिथे होते. खाली तो कागद. माझ्या अकरा ओळी तशाच होत्या, पण त्यांच्या वर, रकान्यांच्या मथळ्याखाली जी थोडी जागा सुटलेली होती, तिथे चार नवीन ओळी दाटीवाटीने घातल्या होत्या. काकांच्या हाताच्या. तारखा माझ्या पहिल्या ओळीच्या आधीच्या, महिना-दोन महिने आधीच्या. दुकानात, स्क्रू हातातून पडला, पाच सेकंद. घरी, चपला घालताना, चार सेकंद. असं. आणि शेवटच्या रकान्यात, जो मी कोराच ठेवला होता, चारही ओळींपुढे एकच वाक्य: बायेक सांगूक नाय. बायला सांगितलं नाही.

म्हणजे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. त्यांनीच लपवलं. माझा उशीर हा उशीरच नव्हता. काय हलकं वाटलं मला! दोन मिनिटं मी नुसती डोकं टेबलावर ठेवून होते.

मग सवयीने कागद उजेडात धरला. चारही ओळी एकाच पेनाच्या. एकच कल, एकाच बैठकीतलं अक्षर, आणि ते अक्षर थरथरतं, उजव्या हातातला जोर गेल्यानंतरचं. स्क्रू पडल्याच्या ओळीची तारीख मी कॅलेंडरवर बघितली. गणपतीचा दुसरा दिवस. गणपतीत आमचा गाळा पाच दिवस बंद असायचा आणि काका गावी. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. आजारात तारखा इकडच्या तिकडे झाल्या असतील, असं कुणी म्हणेल. म्हणो. ज्या माणसाने शेकडो लोकांचे कागद याच कारणासाठी फाडले, त्याला आपण काय लिहितोय ते कळत होतं. मला ते ओळखता येणार हेही त्याला कळत होतं. तरी त्याने पेन मागवलं, तो न चालणारा हात कागदावर दाबून धरला आणि माझ्यासाठी खोटं लिहिलं.

आता दुकानात कागद तेच आहेत, पण गिऱ्हाइकाला मी सांगते, पहिल्यांदा अडखळला की त्याच दिवशी फोन करा, सात दिवस थांबू नका. मालक खूश आहे.

काकांना दाखवला असता तर त्यांनी हा कागद एका नजरेत फाडला असता. मी फाडला नाही. पानपेटीत आहे, स्क्रूंच्या खाली.